दुसऱ्या पडद्यावरची अश्लेषा

अश्लेषाला एका जागी बसवत नाही, हे जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखमधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. गणपतीच्या आरतीला उभी राहिली की झांजा सुरू व्हायच्या आधीच तिचा पाय ठेका धरतो. कुणाकडे जेवायला बोलावलं, तर यजमानीणबाई उठायच्या आत ही स्वयंपाकघरातून भात घेऊन हजर. टीव्हीसमोर बसते तीही मटार सोलायला घेऊन. "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलीय देवानं," असं सांगलीत तिची आई म्हणायची. लग्न ठरल्यावर ठाण्याच्या सासूबाईंनी त्याच गोष्टीचं 'चटपटीत आहे हो मुलगी' असं कौतुक केलं. सेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिच्या या चुळबुळीकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही.

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून मल्हारचा फोन आला आणि ते बदललं.

मल्हार तिचा धाकटा भाऊ. वडील, दत्तात्रय, त्याच्याकडेच असतात. एसटीच्या डेपोत त्यांची उभी हयात गेली. गेली काही वर्षं त्यांचे हात मनात नसताना हलायचे, चालताना तोल जायचा. ज्या माणसानं आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्याकडे बघून कॉलनीतली मंडळी 'हल्ली दिवसाढवळ्याच घेतात वाटतं' म्हणून कुजबुजायची. शेवटी एका तरुण डॉक्टरनं रक्त तपासायला पाठवलं आणि दुखण्याचं नाव निघालं. हंटिंग्टन. मेंदूचं दुखणं, हळूहळू वाढत जाणारं, आणि बरं करणारं औषध नाही.

"ताई, हे रक्तातून पुढे येतं म्हणे," मल्हार म्हणाला. "पोरांना यायची शक्यता निम्मी-निम्मी. नाणं उडवल्यासारखं. मी ठरवलंय, आपल्याला काही बघायचं नाही. तू तुझं बघ."

तू तुझं बघ म्हणे! भाऊराया फोन ठेवून मोकळा झाला आणि इकडे हिच्या डोक्याला भुंगा लागला. त्याच फोनवर तो सहज बोलून गेला होता की डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे काही जणांत सुरुवात नुसत्या चुळबुळीनं होते. माणूस स्वस्थ बसेनासा होतो, हातपाय उगाच हलत राहतात. त्या दिवसापासून अश्लेषा स्वतःच्या पायाकडे चोराकडे बघावं तसं बघायला लागली. हा ठेका नेहमीचाच की नवा? सुरी हातातून निसटली ती साबणामुळे, की? नवरा, हृषिकेश, आंघोळीला गेला की ती एका पायावर उभी राहून पाही. बोटं एकेक करून अंगठ्याला लावी, आधी सावकाश, मग भराभर. एकदा हृषिकेशनं तिला आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी असलेली पाहिलं आणि 'नवीन योगा का?' असं विचारलं. ती हो म्हणाली.

तिचा धंदाच तपासण्याचा. एर्लांगेनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या व्यवस्थित लिहून त्यांच्या पुढ्यात ठेवायच्या, यासाठी तिला पगार मिळतो. ऑफिसात तिचा दरारा आहे. अशा बाईला 'तुझ्यात चूक आहे की नाही ते माहीत नाही' असं सांगून सोडून दिल्यावर ती स्वस्थ कशी बसणार?

एके दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तिनं विद्यापीठाच्या हॉस्पिटलात फोन लावला आणि जनुकांच्या तपासणीआधी जो सल्ला घ्यावा लागतो त्यासाठी टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली. जर्मनीत टर्मिनशिवाय पान हलत नाही. ती मिळाली महिन्याभरानंतरची. पलीकडच्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. सोळा वर्षांची मुलगी आहे म्हटल्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, की मुलीला यातलं काही कळणार नाही एवढं सांभाळा. सज्ञान झाल्यावर तिनं स्वतः ठरवायचं. इथल्या कायद्यानं प्रत्येकाला जसा स्वतःबद्दल जाणून घेण्याचा हक्क आहे, तसा माहीत नसण्याचाही हक्क आहे.

माहीत नसण्याचा हक्क! अश्लेषानं आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं. ती ज्या घरात वाढली तिथे शेजारच्या घरी काय शिजलंय तेही सगळ्यांना माहीत असायचं. पण ते शब्द तिच्या मनात रुतून बसले. स्वतःचं जे व्हायचं ते होवो. लेकीच्या, अन्वीच्या डोक्यावर हे ओझं इतक्यात पडू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. ती जाईल, तपासून घेईल, सगळं ठीक निघेल आणि मग धावत घरी येऊन लेकीला सांगेल की असं असं होतं आणि आता काही नाही. आई ठीक तर लेकही ठीक, हे गणित सरळ होतं. रोज झोपण्याआधी ती हे धावत येणं मनात एकदा पाहून घेई, आणि तेवढा वेळ पाय शांत राही.

पण महिनाभर नुसती वाट बघणं तिच्या रक्तात नाही. तिला वाचायचं होतं. काय विचारतात, निकाल किती दिवसांनी देतात, तिच्या वयाच्या बाईत सुरुवातीला नेमकं काय दिसतं. आणि वाचायचं कुठे, हाच मोठा पेच होता. त्याचं कारण तिचा नवरा.

हृषिकेश माणूस लाखातला. एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतो आणि बाहेरच्या जगावर त्याचा तिळमात्र विश्वास नाही. दुकानातलं सवलतीचं कार्ड घेत नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. दाराबाहेरच्या पाटीवर पूर्ण आडनाव कशाला, आद्याक्षर पुरे, यावरून घरमालकाशी त्याची पत्रापत्री झाली होती. "आल्झो, डाटनशुट्स म्हणजे डाटनशुट्स," असं तो पाहुण्यांना ऐकवतो, आणि खाजगी माहिती जपायची म्हणजे काय यावर चहा थंड होईपर्यंत बोलतो. पण हे सगळं उंबऱ्याबाहेर. घरात मात्र दिवाणखान्यात एकच कॉम्प्युटर, त्यावर त्यानं स्वतः बसवलेलं लिनक्स, आणि तिघांना मिळून एकच खातं. कुणी काय शोधलं, काय वाचलं, ते तिघांच्याही फोनवर. अश्लेषानं एकदा वेगळं खातं मागितलं तेव्हा त्याला खरोखर नवल वाटलं. "आपल्या घरात एकमेकांपासून लपवण्यासारखं आहे काय?"

शिवाय इंटरनेटच्या खोक्याशेजारी त्यानं तळहाताएवढं आणखी एक यंत्र लावलंय. ते जाहिराती अडवतं आणि घरातून कोणकोणत्या साइट्सचे पत्ते विचारले गेले त्याची नोंदही ठेवतं. रविवारी सकाळी पोहे खाताना तो ती नोंद वाचून दाखवतो. त्यात खवचटपणा नसतो, हौस असते. "या आठवड्यात कुणीतरी पैठण्या फार बघितल्या. मी नाव घेत नाही." मग अन्वी 'बाबा, पाइनलिश!' म्हणून डोळे फिरवते आणि तिला लाज वाटते ती बापाची की पैठणीची, हे कळत नाही.

अशा घरात त्या आजाराचं नाव टाइप करणं म्हणजे दवंडी पिटणंच. हृषिकेशला विश्वासात घ्यावं, हा विचार तिनं करून पाहिला होता. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. जेवताना काही बोलला नाही तरी दहा वेळा लेकीकडे बघेल, आणि ती पोरगी काही दुधखुळी नाही. ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसच्या नजरेखाली. स्वतःचा फोन अर्धा वेळ अन्वीच्या हातात. वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर वाचावं, तर त्या घरात बाल्कनीच्या एका कोपऱ्यातच रेंज येते आणि तीही मनात आलं तर.

म्हणून तिनं ठरवलं की घरच्याच कॉम्प्युटरवर एक वेगळा ब्राउझर बसवायचा. असा, की जो बंद केला की वाचलेलं सगळं पुसून टाकतो आणि पत्तेही बंद पाकिटातून विचारतो, म्हणजे नवऱ्याच्या त्या यंत्राला आतलं काही वाचता येत नाही. अशा ब्राउझरांबद्दल तिनं हृषिकेशच्याच व्याख्यानांत ऐकलं होतं. ती फाइल घरी उतरवली असती तर तिचीच नोंद झाली असती. म्हणून ती गावातल्या लायब्ररीत गेली आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घेतली. आता तिथेच वाचून टाकावं म्हणून आजाराचं नाव टाइप करायला लागते तोच मागून, "अय्या, अश्लेषा, तू इथे?" मराठी मंडळाची अपूर्वा! जिला सांगितलं की वेगळी पत्रिका छापावी लागत नाही, ती. अश्लेषानं केळफुलाच्या भाजीची कृती बघत असल्याचं सांगितलं आणि मग केळफूल ड्युसेलडॉर्फला कसं मिळतं आणि इथे कसं मिळत नाही, यावर तिला बराच वेळ उभं राहावं लागलं.

शनिवारी सकाळी हृषिकेश बाउमार्क्टला गेला. घरदुरुस्तीच्या सामानाच्या त्या दुकानात तो एकदा शिरला की जेवायची वेळ झाल्याशिवाय परत येत नाही. अन्वी हँडबॉलच्या सरावाला. अश्लेषानं गॅसवर कुकर ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि कामाला लागली.

काम तिनं अगदी तिच्या पद्धतीनं केलं. वाटेत फाइलमध्ये कुणी फेरफार केलेला नाही ना, हे पाहायला लिनक्सवर एक आज्ञा देता येते. ती दिली की अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ उमटते. तशीच माळ ब्राउझरच्या मूळ साइटवर दिलेली असते. तिचा फोटो तिनं लायब्ररीतच काढून आणला होता. दोन्ही माळा तिनं शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहिल्या. कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड वापरला तर त्याचीही नोंद होते, म्हणून ब्राउझर रीतसर बसवण्याऐवजी तिनं फाइल नुसती एका फोल्डरमध्ये उलगडली. फोल्डरच्या नावाआधी टिंब दिलं की लिनक्सवर तो नेहमीच्या यादीत दिसत नाही. तिनं टिंब दिलं आणि पुढे नाव लिहिलं, 'जुन्या पाककृती'. पाककृतींच्या वाटेला जाणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. फाइलला चालण्याची परवानगी दिली. मग दोन बटणं एकदम दाबून दुसरा पडदा पुढे घेतला. लिनक्सवर असे एकामागे एक पडदे ठेवता येतात. कुणी आलंच तर तीच बटणं पुन्हा दाबायची, की हा पडदा मागे जातो आणि पुढे येतं हृषिकेशनं लावलेलं आल्प्सचं चित्र.

तिनं ब्राउझर सुरू केला. खिडकी उघडली आणि मधोमध एक चौकट आली. त्यात एक प्रश्न, एक मोठं निळं बटण आणि एक फिकट, करडं, दिसेल न दिसेलसं. तेवढ्यात खाली जिन्याचं दार धाडकन वाजलं. तिच्या बोटानं निळं बटण दाबलं.

जर्मनीत राहणाऱ्या माणसाच्या बोटाला ही खोडच लागते. इथे कुठलंही पान उघडा, आधी परवानगीची चौकट येते. निळं बटण दाबायचं आणि पुढे जायचं. हृषिकेश एकेक चौकट वाचून नकार देत बसतो, पण तो हृषिकेश. ऑफिसात असलीच चौकट दिसली असती तर तिनं शेरे मारून करणाऱ्याला रडकुंडीला आणलं असतं. स्वतःच्या घरी, भेदरलेल्या मनानं, तिनं ती वाचलीसुद्धा नाही. 'यापुढे सगळी पानं याच ब्राउझरमध्ये उघडू का?' असा साधा प्रश्न होता, आणि ती हो म्हणून बसली होती. म्हणजे आता त्या कॉम्प्युटरवर कुणीही आपल्या मेलमधल्या दुव्यावर क्लिक केलं असतं, तरी ते पान हिच्या लपवलेल्या खिडकीत उघडलं असतं.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा होते. त्यांची पावलं त्यांच्या दारात थांबली. अश्लेषा वाचायला लागली.

एकामागून एक पानं उघडत गेली. आजाराची लक्षणं. रुग्णाच्या मुलांना असलेला धोका. हॉस्पिटलची माहिती. माहीत नसण्याचा हक्क. ती प्रत्येकासाठी वेगळा टॅब उघडत होती आणि वरच्या पट्टीवर त्यांची नावं ओळीनं मांडली जात होती. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, तिला भान नव्हतं. तिच्यासारख्या, वाट पाहणाऱ्या लोकांनी लिहिलेलं वाचताना तिच्या डोळ्यांना धार लागली. इतके दिवस ती रडली नव्हती, धावपळीत जमलंच नव्हतं.

फोन वाजला. मल्हार. बाबा मोरीत पडले होते, कपाळाला टाके घातले, आता बरे आहेत. तिनं एका हातानं ती दोन बटणं दाबली, आल्प्सचं चित्र आलं, आणि बोलता बोलता ती सवयीनं बाल्कनीत गेली. दार लावून घेतलं. मल्हारनं फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांचे शब्द आता घसरतात, पण "पाऊस आहे का गं तिकडे?" हे तिला कळलं. नाही म्हणून तिनं सांगितलं. मग त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि तिनं पुन्हा सांगितलं.

आत आली तर सोफ्यावर अन्वीची खेळाची बॅग होती. सराव लवकर संपला होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. आणि कॉम्प्युटरवर आल्प्सचं चित्र नव्हतं. तिची खिडकी समोर आली होती, आणि तिच्यात उद्याच्या सामन्याचं वेळापत्रक उघडलेलं होतं. क्लबच्या मेलमधल्या दुव्यावर अन्वीनं क्लिक केलं होतं. वरच्या पट्टीवर वेळापत्रकाच्या टॅबशेजारी बाकीचे सगळे टॅब ओळीनं उभे होते, आपापल्या नावांसकट.

अश्लेषानं झडप घालून माउस धरला. तिनं खिडकी बंद केली, फोल्डर उडवला, जुना ब्राउझर पुन्हा मुख्य केला. हात थरथरत होते आणि ते थरथरताना पाहून आणखी थरथरायला लागले. पाहिलं असेल का तिनं? की घाईत वेळ बघून उठली? सोळा वर्षांची पोर टॅबची नावं कशाला वाचेल? पण ती अन्वी आहे, शाम्पूच्या बाटलीवरचंही वाचते.

तो दिवस तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. अन्वी न्हाऊन आली, जेवली, आमटी आणखी मागून घेतली. नेहमीइतकीच बोलली, म्हणजे फार नाही. जर्मनीत वाढलेली मुलं करतात तसं आईच्या मराठीला तिनं जर्मनमधून उत्तरं दिली. अश्लेषा तिच्या प्रत्येक घासाचा अर्थ लावत राहिली. आमटी मागितली म्हणजे पाहिलं नसणार. पण एवढी शांत का? संध्याकाळी तिनं नसलेला पसारा आवरला, दोन वेळा केर काढला आणि फ्रिज पुसला.

रविवारी पोह्यांच्या वेळी हृषिकेशनं नोंद उघडली. "गंमत बघा. काल आपल्या कॉम्प्युटरनं जवळजवळ काहीच विचारलं नाही. इतका शांत शनिवार मी बघितला नाही."

अश्लेषानं चटकन लेकीकडे पाहिलं. अन्वी ताटलीतले शेंगदाणे एकीकडे करत होती. ती यावेळी 'पाइनलिश' म्हणाली नाही.

दुपारी फ्युर्थला सामना होता. हृषिकेश नवीन आणलेली फळी भिंतीवर ठोकत बसला आणि अश्लेषा लेकीला घेऊन निघाली. गाव मागे पडलं, दोन्हीकडे शेतं आली. अन्वी पुढे बघत होती. मग तिनं, आईला मुद्दाम कळावं म्हणून, मराठीत विचारलं.

"आजोबांना हंटिंग्टन आहे?"

अश्लेषानं स्टिअरिंग घट्ट धरलं. "किती वाचलंस?"

"टॅबची नावं. आणि एक पान, अर्धं. मग मी ते तसंच ठेवलं. बंद केलं असतं तर तुला कळलं असतं ना, मी बघितलं ते."

"तुला कळू द्यायचं नव्हतं गं मला." अश्लेषा म्हणाली. "एवढी एकच गोष्ट सांभाळायची होती."

"आम्हाला बायोलॉजीत होतं ते. श्टामबाउम काढायचा असतो, कुणाकडून कुणाला गेलं त्याचा. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजारी असेल तो काळा करायचा." अन्वी बोटानं काचेवर आकार काढत होती. "आजोबा काळा चौकोन. तू गोल, पण तुला कुठला रंग ते माहीत नाही. मी तुझ्या खाली. मला त्या परीक्षेत आइन्स मिळाला होता, आई."

आइन्स म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. अश्लेषानं गाडी शेताकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी थांबवली. पोरीचा हात धरला. मग तिनं सगळं सांगून टाकलं. मल्हारचा फोन, महिनाभरानंतरची टर्मिन, लायब्ररी, केळफूल. आणि शेवटी, रोज मनात घोळवलेलं वाक्य घाईघाईनं बोलली. "मी टेस्ट करून घेते. माझ्यात नाही निघालं, की तुझ्यातही नसणार. विषयच संपला. मी धावत येऊन तुला सांगेन."

"नाइन," अन्वी म्हणाली. "मला नाही सांगायचं."

"अगं, रिझल्ट चांगला आला तर—"

"चांगला आला तरी नाही."

"असं कसं? चांगलं असेल तर लपवायचं कशाला?"

अन्वीनं आईकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. "कारण तू चांगला आला तरच सांगणार. म्हणजे ज्या दिवशी तू काही सांगणार नाहीस, त्या दिवशी मला कळलंच ना. लोगिश. मला आत्ता नाही जाणून घ्यायचं. इश विल एस निश्त विस्सन. अठराची झाले की ठरवीन. किंवा तिशीची झाले की. किंवा नाहीच."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या फटी शोधणाऱ्या बाईनं त्या बोलण्यात फट शोधून पाहिली. एकही नव्हती. तिला रागच आला. कुणावर ते कळेना. त्या पोरीचा माहीत नसण्याचा हक्क जपायला तिनं एवढा खटाटोप केला होता आणि पोरीनं तो हक्क तिच्याकडेच मागितला होता.

"आणि नुसतं तोंडानं नाही," अन्वी नाक पुसत म्हणाली. "तू खूश असलीस की भांडी घासताना गातेस. ते पण नाही करायचं."

"मग काय तोंड पाडून बसू?"

"नाही! तोंड पाडलंस तर मला दुसरंच वाटेल. नॉर्माल राहायचं. नेहमी राहतेस तसं. पाय हलवत."

"आणि बाबाला?"

"टेस्टचं सांग त्याला. रिझल्ट नको. तो पोह्यांबरोबर वाचून दाखवेल."

दोघींना हसू आलं आणि त्याच हसण्यात दोघी रडल्या. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला म्हणून अश्लेषानं गाडी पुढे काढली. हॉलच्या दारात बॅग खांद्याला लावून अन्वी उतरली, चार पावलं गेली आणि परत येऊन खिडकीत वाकली. "फेरश्प्रोखन?"

"वचन," अश्लेषा म्हणाली. "चांगला आला तरी."

पोरगी आत गेली. अश्लेषा गाडीतच बसून राहिली. आता तिच्या लक्षात आलं, की ही तपासणी तिला स्वतःसाठी कधी हवीच नव्हती. तिला ते धावत घरी येणं हवं होतं, लेकीला जवळ घेऊन ते एक वाक्य बोलणं. ते गेलं. आता टर्मिनला जायचं तर निव्वळ स्वतःला कळावं म्हणून जायचं, आणि जे कळेल ते, गोड असो की कडू, एकटीनं गिळायचं. तसं तिला हवं होतं का? तिला सांगता येईना. टर्मिन रद्द करावी म्हणून तिनं फोन हातात घेतला, आज रविवार आहे हे आठवून परत ठेवला, आणि रविवार नसता तरी आपण तो लावला असता का, हेही तिला कळेना.

ती आत गेली. लाकडी बाकांवर आईबाप दाटीवाटीनं बसले होते, सामना सुरू झाला होता. अश्लेषा कडेला बसली. तिचा पाय हलायला लागला. तिनं तो हलू दिला. उत्तरार्धात अन्वीनं एका पोरीला हुलकावणी देऊन चेंडू असा भिरकावला की गोलकीपरला हात उचलायलाही सवड मिळाली नाही. सगळा बाक उठून उभा राहिला. अन्वीनं घामेजल्या चेहऱ्यानं वर बाकांकडे बघून आईला शोधलं, आणि अश्लेषा दोन्ही हात वर करून ओरडली, तोंडभर हसली, शेजारच्या बाईच्या अंगावर कॉफी सांडेपर्यंत तिनं टाळ्या वाजवल्या. निकाल अजून लागायचा होता, तोवर तिला लेकीसमोर मनसोक्त हसायची मोकळीक होती.